संत ओर्वेनचे खारट अश्रू

"फुटला! पाझर फुटला! डावा डोळा बघा, डावा!"

कुणीतरी ओरडलं, आणि प्लूओर्वेन गावच्या संग्रहालयातली ती एवढीशी खोली एकदम गुडघ्यांवर आली. बाहेर फ्रान्समधल्या ब्रिटनी प्रांताचा नेहमीचा पाऊस, आडवा आणि चिवट. आत ओले रेनकोट, ओल्या छत्र्या, एक ओलं कुत्रं आणि मुंगीला शिरायला जागा नाही इतकी माणसं. जुन्या पाळण्याला टेकून एक बाई हुंदके देत होती. एक गृहस्थ नीट दिसावं म्हणून संग्रहातल्या नांगरावरच चढले होते. आणि सगळ्यांच्या समोर, चौथऱ्यावर, हातभर उंचीचा लाकडी संत ओर्वेन. निळा झगा, पांढरी दाढी, टोमॅटोसारखे लाल गाल, आणि त्या गालांवरून सावकाश ओघळणारे करडे थेंब.

"शांत! शांत राहा, माझ्या माणसांनो!" तांगी मेनेझने दोन्ही हात वर केले. "श्वास घ्या. खोल. आता सोडा, संताकडे सोडा. सगळ्यांनी एकदम! आणि ती खिडकी कुणी उघडली? लावा आधी! प्रार्थना बाहेर जाते!"

"प्रार्थना जाते म्हणे खिडकीतून," दाराशी तिकिटांच्या टेबलामागे बसलेली ओदेत पुटपुटली. "सर्दी तेवढी आत राहते."

ओदेत आब्ग्राल म्हणजे निवृत्त शिक्षिका. जन्मभर शेजारच्या शहरात पोरांना विज्ञान शिकवलं. अर्धा तालुका तिला अजून 'बाई' म्हणतो आणि तिला बघून शर्टाची बटणं लावतो. या संग्रहालयाची झाडलोट, पुसापुशी आणि रविवारची राखण हे तिचं म्हातारपणाचं प्रेम होतं. पण या संग्रहालयाकडे वर्षानुवर्षं कुत्रं फिरकत नव्हतं हो! कधी एखादं जर्मन जोडपं यायचं, तेही शौचालय विचारायला. ग्रामपालिका इमारत विकायला निघाली होती. आणि मग गेल्या हिवाळ्यात संत रडला.

तांगी कुठून उगवला? पूर्वी तो समुद्रकाठी चाकांवरची घरं विकायचा, गळकी. तो धंदा बसला, मग याच्या अंगात कंपनं आली.

"विज्ञानसुद्धा आता मान्य करतंय!" तो गर्दीला सांगत होता. "पाण्याला स्मृती असते! या एका थेंबात चौदाशे वर्षांची करुणा साठलीय. डोळ्याचं दुखणं असो, गुडघ्याचं असो, मनाचं असो. थेंब पेशीला आठवण करून देतो, की बाई गं, तू निरोगी होतीस!"

"पाण्याला स्मृती असती," ओदेत जरा मोठ्यानेच म्हणाली, "तर ते कुठल्या कुठल्या गटारातून आलंय तेही आठवलं असतं त्याला."

पुढच्या दोघी-तिघींनी मागे वळून तिच्याकडे असं पाहिलं, की जणू तिनेच संताच्या कानाखाली वाजवली. तांगी गोड हसला. असली माणसं गोड हसतात, तेच त्यांचं भांडवल.

"बाई, तुमच्यासाठीही संत रडतोय बरं का," तो म्हणाला आणि कापसाचे बोळे वाटायला लागला. एकेकाने यायचं, संताच्या गालाला बोळा लावायचा, तो डोळ्यांवर दाबायचा. पैसे? छे छे! समोर फक्त एक टोपली, आणि टोपलीकडे बघत उभा असलेला तांगी.

रांगेत सगळ्यात पुढे जानिन होती.

जानिन रियू. ओदेतची शेजारीण आणि बालमैत्रीण. दोघींची भिंत एक, कोंबड्या एकमेकींच्या अंगणात. दर रविवारी संग्रहालयाच्या मागच्या खोलीत जानिन तापलेल्या तव्यावर काळ्या गव्हाची धिरडी घालायची आणि वाफेने खिडक्या धुरकट करून टाकायची. तिला काचबिंदू होता. डोळ्यांत दाब वाढतो, मागची नस हळूहळू मरते, आणि मेलेली नस जगात कुणी जिवंत करू शकत नाही. रोज औषधाचे थेंब घातले की दाब आटोक्यात राहतो, एवढाच उपाय. जानिन थेंब नेमाने घालायची. निदान ओदेतला तसं वाटत होतं.

मे महिन्यात एकदा ओदेत अंडी द्यायला गेली, तर स्वयंपाकघरातल्या फळीवरची औषधाची बाटली गायब.

"जानिन, थेंब कुठायत?"

"टाकले."

"टाकले म्हणजे?"

"कचऱ्यात टाकले. अगं, तांगीसाहेब म्हणाले, घरात औषधाची बाटली असली की संताला वाटतं, हिचा माझ्यावर विश्वास नाही. दोन दगडांवर पाय ठेवून चालत नाही म्हणाले."

ओदेतच्या हातातली अंडी पडायचीच बाकी होती. "डोकं फिरलंय का तुझं? आंधळी होशील, आंधळी!"

"ओरडू नकोस. ते थेंब घातले की डोळे लाल व्हायचे. आणि संताच्या अश्रूंनी कसं, आधी झोंबतं, मग हलकं हलकं वाटतं. झोंबतं म्हणजे काम करतं."

"मग मिरची घाल ना! तीही झोंबते."

जानिन हसली नाही. "तुला काय जातं बोलायला? डॉक्टरीणबाई निवृत्त झाली, तिच्या जागी कुणी आलंच नाही. शहरातल्या डोळ्याच्या डॉक्टरची तारीख मागितली, तर बाई फोनवर म्हणते, पुढच्या वर्षी या. पुढच्या वर्षी! संत दर रविवारी असतो, ओदेत. तारीख मागत नाही. माझा हात हातात घेऊन तांगीसाहेब विचारतात, कशी आहेस. डॉक्टरने कधी विचारलं?"

खोटं काय होतं त्यात? डॉक्टर खरंच नव्हते. ज्या गावातून डॉक्टर जातो, त्या गावात बुवा येतोच, आलेला आहे, येत राहील. पण म्हणून डोळा थोडाच थांबतो? ओदेतने त्याच दुपारी शहरात जाऊन थेंब आणले, हातात ठेवले. जानिनने "बरं" म्हटलं आणि ते कपाटात ठेवून दिले. ते कपाटातच राहिले.

आता भांडण करून उपयोग नव्हता. संत का रडतो तेच शोधून काढायचं, असं ओदेतने ठरवलं.

तिने पाळत ठेवली. बुधवारी संग्रहालय बंद असायचं. बुधवारी संत कोरडा ठणठणीत. उन्हाच्या रविवारी, दारं-खिडक्या उघड्या असल्या की तांगी कितीही श्वास सोडायला लावो, संत ढिम्म. पाऊस, गर्दी, ओले कोट, मागे जानिनचा तवा, बंद खिडक्या, की आलीच करुणा.

एका बुधवारी ती धूळ पुसत होती. संताच्या डोळ्यांखाली पांढरी खर जमलेली दिसली. तिने बोट लावलं आणि बोट जिभेला.

मीठ!

तशीच ती पलीकडच्या दालनात गेली. तिथे जुन्या शेतकरी घरातली लाकडी पेटी मांडलेली होती. थंडीत डुक्कर मारलं की वर्षभराचं मांस मिठात मुरवायची पेटी, इथे घरोघरी असायची. ही रियूंच्या घरातली, जानिननेच संतासकट दिलेली. पेटीच्या झाकणाच्या फळीवर तीच पांढरी खर. आणि पेटीखालची फरशी तर दर रविवारी ओली व्हायची! संग्रहालय समितीचा अध्यक्ष हेर्वे ती पुसत छपराला शिव्या घालायचा. फळीला चेहरा नव्हता, म्हणून तिचं पाणी म्हणजे गळती. संताला दाढी होती, म्हणून त्याचं पाणी म्हणजे करुणा.

ओदेत मटकन पेटीच्या कडेवर बसली. कारण तिला आठवलं. लहानपणी जानिनच्या घरी ती जेवायला जायची, तेव्हा जानिनची आजी पेटी उघडायची आणि मांसावरून संत ओर्वेनला उचलून बाजूला ठेवायची. फ्रेंच राज्यक्रांतीत संतांच्या मूर्ती फोडत होते, तेव्हा रियूंच्या पूर्वजांनी याला मांसाखाली दडवला होता. क्रांती सरली, पण देऊळ उरलं नव्हतं. मग मुरणारं मांस दाबून ठेवायला लोक दगड ठेवतात, तसा रियूंनी संतच ठेवला. 'संताच्या हाताखालचं मांस नासत नाही,' असं आजी म्हणायची. म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या हा बिचारा खारट पाण्यात डुंबत होता! लाकूड कसलं, मिठाचं लोणचंच झालं होतं त्याचं.

पण मग पाणी डोळ्यांतूनच का? ती हेर्वेकडे गेली. हेर्वे आपल्या होडीखाली आडवा होऊन तळ खरवडत होता.

"हेर्वे, संताला रंग कुणी दिला?"

"मीच की. होडीचा उरला होता. निळा, पांढरा, लाल. जाड थर दिलाय बाई, समुद्राचं पाणी आत शिरणार नाही."

"आणि आतलं बाहेर येणार नाही. मग डोळे?"

"काळा नव्हता ना माझ्याकडे. डोळे नातीच्या शाळेच्या, पाण्यात कालवायच्या रंगाने काढले." तो बाहेर सरकला. "का हो?"

सगळं अंग होडीच्या रंगाने बंद, आणि उघडे राहिलेले तेवढे डोळे! ओदेतने त्याला सगळं समजावून सांगितलं. हेर्वेला कळलं. चांगलं कळलं. त्याने खरवडणी खाली ठेवली.

"बाई, पार्दोंची जत्रा होऊन जाऊ द्या," तो म्हणाला. "इमारत वाचली हो आपली. छप्पर झालं, बस येते. तुमचंच तर सगळं आयुष्य आहे तिथे. लोक मनाने बरे होतात, आपलं काय जातं?"

"जानिनचे डोळे जातात."

"जानिन बरी दिसते की."

"ती बरी दिसते रे! तिला काय दिसतं, ते विचार!"

हेर्वे परत होडीखाली शिरला. दगडावर डोकं आपटलं असतं तर निदान आवाज तरी झाला असता.

मग ओदेतने तांगीच्या परवानगीशिवाय आणि हेर्वेच्या डोळ्यांदेखत आपली तयारी केली. पेटीच्या झाकणाची फळी तिने काढून आणली. तिला होडीचाच निळा रंग जाड दिला, फक्त मध्ये डोळ्यांएवढ्या दोन जागा कोऱ्या सोडल्या. सुताराकडून नवी, मीठ न लागलेली फळी आणली, तिलाही तसाच रंग, तशाच दोन जागा. पार्दोंच्या दिवशी, म्हणजे संताच्या ऑगस्टातल्या जत्रेला, दोन्ही फळ्या संताच्या दोन बाजूंना उभ्या केल्या आणि वर चादर टाकली. पाऊस ठरल्यासारखा आला. गर्दी तर विचारू नका, जिन्यापर्यंत. तांगीने श्वास घ्यायला लावले, श्वास सोडायला लावले. संत रडला. आक्रोश झाला. आणि तेवढ्यात ओदेतने पुढे येऊन चादर ओढली.

जुन्या फळीच्या दोन्ही कोऱ्या जागांतून थेंब ओघळत होते. नवी फळी कोरडी.

"मुलांनो," ती म्हणाली. समोर साठी-सत्तरीची माणसं होती, पण जुनी सवय. "मीठ हवेतली ओल ओढून घेतं. पावसाळी हवेत घरातलं मीठ ओलं होतं की नाही? ही फळी मांस मुरवायच्या पेटीची. संतही त्याच पेटीत होता, दगडाच्या जागी. इथे तुम्ही शंभरजण ओल्या कोटांनी येता, खिडक्या बंद करून मूर्तीवर उच्छ्वास सोडता, मागे तवा वाफ काढतो. ही सगळी ओल ते मीठ पितं आणि डोळ्यांतून सांडतं. चाखून बघा! फळीचं चाखा, संताचं चाखा. चव एकच. हा डुकराच्या मांसाचा खार आहे, आणि तो तुम्ही आजारी डोळ्यांत घालताय!"

एका म्हाताऱ्याने पुढे होऊन फळीला बोट लावलं, चाखलं, आणि मान डोलावली. "खारच आहे," तो म्हणाला. "आमच्या घरीही अशीच पेटी होती." मागून कुणीतरी खुदकन हसलं. दोन-चार माणसं खाली मान घालून बाहेर पडली. ओदेतला क्षणभर, अगदी क्षणभर वाटलं, की जमलं.

तांगीचा चेहरा पांढराफटक पडला होता. पण मुरलेला गडी तो. त्याने फळीकडे पाहिलं, डोळे मिटले, आणि त्याच्या गालावरून खरा अश्रू ओघळला.

"पाहिलंत?" तो कापऱ्या आवाजात म्हणाला. "पाहिलंत, माझ्या माणसांनो? संत एका मूर्तीत मावेना! जिथे जिथे त्याचा हात लागला, तिथे तिथे लाकूड रडू लागलंय! आणि ज्या फळीला त्याचा स्पर्श नाही, ती कोरडी! बाई, तुम्ही नकळत केवढी मोठी साक्ष दिलीत!"

"अरे, मीठ आहे ते!" ओदेत किंचाळली.

"अश्रू खारटच असतात, बाई," पहिल्या ओळीतली एक बाई हळुवारपणे म्हणाली, आणि कापसाचा बोळा घेऊन फळीकडे वळली. तिच्यामागे दुसरी. मग तिसरा. बघता बघता दोन रांगा झाल्या, एक संताची, एक फळीची. फळीची लवकर सरकत होती, म्हणून तिकडे गर्दी जास्त. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात. इथे घडाच पाणी गाळत होता आणि लोक त्याच्या पाया पडत होते.

ओदेतने जानिनचा हात धरून तिला पुढे ओढलं. जगात कुणाला पटलं नाही तरी चालेल, हिला पटू दे. "तू बघ. तुझ्याच आजीच्या पेटीची फळी आहे ही. तू तर तिच्यातलं मांस खाल्लंयस! बघ, ही ओली. ती कोरडी. बघ ना गं!"

जानिनने मान डावीकडे वळवली, मग उजवीकडे. हात पुढे करून चाचपलं. तिचा हात चुकून नव्या फळीवर पडला.

"यातली कुठली, ओदेत?" तिने विचारलं. "इथे तर सगळं करडंच आहे."

कधीपासून दिसत नव्हतं हिला? धिरडी ती हाताच्या सवयीने घालत होती, रस्ता पायांच्या सवयीने चालत होती, आणि शेजारणीला "बरी आहे" म्हणत होती, जिभेच्या सवयीने.

तिला तशीच गाडीत घालून ओदेत थेट ब्रेस्तच्या मोठ्या इस्पितळात घेऊन गेली. तरुण डॉक्टरने तपासलं, परत तपासलं. "डावा गेला," तो म्हणाला. "उजव्यात किल्लीच्या भोकाएवढं उरलंय. थेंब रोज घातले तर तेवढं टिकेल. गेलेलं परत यायचं नाही." मग न राहवून त्याने विचारलं, "थेंब बंद का केले, आजी?" जानिन खुर्ची चाचपत उठली.

परतताना बराच रस्ता गेल्यावर ती म्हणाली, "मीठच होतं ना?"

"मीठच होतं."

"आजी म्हणायची, त्याच्या हाताखाली काही नासत नाही." आणि ती रडायला लागली. ओदेतने गाडी कडेला घेतली आणि तीही रडली. आपण बरोबर ठरल्याचा आनंद कुणाला हवा होता?

त्यानंतर काय झालं? काही झालं नाही. हेर्वेने फळीसाठी वेगळा चौथरा केला. दुसरी बस सुरू झाली. ओदेतने वर्तमानपत्राला लिहिलं, ते छापूनही आलं, आणि ते वाचून आणखी माणसं आली, फळी बघायला. तिने संग्रहालयाची किल्ली परत केली. जानिन मात्र ऐकेना. "माझ्याच घरचं मीठ आहे, मीच सांगते," म्हणत ती दर रविवारी ओदेतचा हात धरून संग्रहालयाच्या दाराशी जाऊन उभी राहायला लागली.

"अहो, ऐका," ती आत जाणाऱ्या प्रत्येकाला सांगायची. "तो मांसाचा खार आहे. मी तो डोळ्यांत घातला. माझं बघा काय झालं."

लोक थांबायचे. तिच्या करड्या डोळ्यांकडे बघून त्यांना गलबलून यायचं. गेल्या रविवारी एका भल्या बाईने तिचा दुसरा दंड धरला आणि रांगेला हाक दिली, "सरका हो, सरका! या आजींना आधी जाऊ द्या. यांची गरज सगळ्यांत मोठी!" आणि रांग खरोखर दुभंगली. "अहो, नको, सोडा तिला!" ओदेत ओरडत राहिली, पण माणसांच्या मायेला जोर फार. त्यांनी जानिनला अलगद, हातोहात, थेट संताच्या पुढ्यात नेऊन उभं केलं.

जानिनने चाचपून चौथरा ओळखला. मग ती संताकडे पाठ करून गर्दीच्या दिशेने वळली.

"डोळा दुखला तर औषध घाला," ती म्हणाली. "डॉक्टर नसेल तर सरकारशी भांडा, पण बाटली फेकू नका. कुणी काही दाखवलं तर विचारा, हे कसं होतं. मला विचारायचं सुचलं नाही, आणि आता बघायला डोळे नाहीत. तुम्हाला आहेत. हात जोडते, विचारा."

"आमेन," अख्खी खोली म्हणाली, आणि कापसाचे बोळे घेऊन पुढे सरकली.